ऑपरेटरबाईंनी कार्ड नाकारलं

टेलिफोनचा बोर्ड जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी संस्थेत सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. बोर्ड निघाला तेव्हा सचिवांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटर शिकाल का?" घरी दोन लहान मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पण बाई "हो" म्हणून मोकळ्या झाल्या आणि खरंच शिकल्या. आता अंधांसाठी ध्वनिमुद्रित केलेली हजारो पुस्तकं त्यांच्या हवाली होती. पूर्वी झाडू-बादल्या ठेवत त्या खोलीत एक सर्व्हर होता, त्यात चार डिस्क. सगळा साठा चारही डिस्कवर असा वाटून ठेवलेला, की एखादी बंद पडली तरी पुस्तक जायचं नाही. याला रेड म्हणतात, आणि हे वाटणीचं काम सर्व्हरमधलं एक कार्ड करायचं.

एका सोमवारी चारही डिस्क ठणठणीत राहिल्या आणि कार्डच जळालं.

दुसऱ्या मशीनला लावल्या तर डिस्क कोऱ्या दिसायच्या. वाटणी कशी केलीय ते त्या जातीच्या कार्डालाच ठाऊक, आणि कंपनीनं ते बनवणं केव्हाच बंद केलेलं. वेगळी प्रत होती, पण आठ महिन्यांपूर्वीची. त्यानंतरची बरीच पुस्तकं एका आजींच्या आवाजात होती, आणि आजी आता हयात नव्हत्या.

बाईंनी फोन उचलला. ते काम तर त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. तीन दिवस दुकानं, कॉलेजं, ऑफिसं पालथी घातल्यावर एका हॉस्पिटलातून तिथल्या निवृत्त तंत्रज्ञाचा नंबर मिळाला. खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, म्हणून सगळे त्यांना स्क्रूकाका म्हणत.

"आहे माझ्याकडे तसलं कार्ड," काका म्हणाले. "घरच्या मशीनमध्ये चालू आहे. काढून आणतो."

"अहो, मग तुमचं मशीन?"

"त्यात माझी गाणी आहेत. ती दुसरीकडे उतरवतो नि दुपारपर्यंत येतो."

आले. कार्ड बसवलं. डिस्कवर बाईंनी नेलपॉलिशनं आकडे घातले होते, त्याच क्रमानं त्या लावल्या. स्क्रीनवर आलं: अनोळखी वाटणी सापडली, आत घ्यायची की पुसायची? बाईंनी काकांकडे पाहिलं.

"तुम्हीच दाबा," काका म्हणाले. "पण चष्मा लावून!"

बाई हसल्या आणि त्यांनी 'आत घ्या' दाबलं. थोड्या वेळानं स्पीकरमधून आजींचा घोगरा आवाज आला, "प्रकरण सहावं." बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या महिन्यात नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं. विक्रेत्यानं नवं, वेगवान कार्ड सुचवलं. सचिवांनाही ते पटलं. पर्याय एवढाच होता, की कार्ड न घेता वाटणीचं काम सर्व्हरच्या प्रणालीवरच, म्हणजे त्यातल्या सॉफ्टवेअरवरच सोपवायचं. बाईंनी काकांना विचारलं. त्यांचा जन्म कार्डं बसवण्यात गेलेला. ते कार्डाचीच बाजू घेणार, असं बाईंना वाटलं.

"हॉस्पिटलात कार्डच हवं होतं," काका म्हणाले. "दिवसरात्र घाई, आम्ही सहाजण, कपाटात दोन सुटी कार्डं. इथे तुम्ही एकट्या. आणि पुस्तक ऐकणाऱ्याला कसली आलीय घाई?"

"म्हणजे कार्ड नको?"

"उद्या मशीन मेलं, तर डिस्क काढून दुसऱ्या साध्या मशीनला लावता आल्या पाहिजेत. माझ्यासारखा म्हातारा शोधायची वेळ येऊ नये. फक्त वीज गेली तर सांभाळायला चांगली बॅटरी ठेवा. आणि वेगळी प्रत दर आठवड्याला, हं! रेड आहे म्हणून निर्धास्त राहू नका."

बाईंनी सचिवांना नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. नव्या डिस्कवर दहा पुस्तकं चढवली, मग त्या काढून ऑफिसातल्या जुन्या मशीनला जोडल्या. त्यावर तीच प्रणाली होती. दहाही पुस्तकं बोलली. सचिव म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तसं."

वार्षिक सभेत सचिवांनी बाईंचं कौतुक केलं आणि टाळ्या पडल्या. बाई माइकसमोर आल्या आणि त्यांनी सभेला आलेल्या काकांकडे हात केला. मग म्हणाल्या, "स्वतःचं चालू मशीन उघडून यांनी आम्हाला कार्ड दिलं. ओळख ना पाळख. या टाळ्या त्यांच्या आहेत."

पहिल्या रांगेतल्या अंध मास्तरांनी विचारलं, "कुठे बसलेत ते?"

"तुमच्या डाव्या हाताला, खिडकीपाशी."

मास्तर उठले, खिडकीकडे तोंड केलं आणि काकांचे कान लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.