मेरूमण्याची कर्दळ

फूल जितकं लहान तितका बागवान मोठा, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, ताईचे यजमान. पन्नास-पंचावन्न सालच्या बंगळूरात ज्याच्या त्याच्या अंगणात ताटाएवढे डेलिया डोलत असायचे आणि मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत भाऊजी मात्र रानटी कर्दळी लावत बसायचे. त्याही बियांपासून. कर्दळीचा कंद कुठंही फेकला तरी रुजतो, हे त्यांना मान्य होतं, आणि म्हणूनच त्यांना कंद नको होता. "कंद म्हणजे जुनंच झाड पुन्हा. बी म्हणजे नवा जीव," असं म्हणून ते समोरच्याकडे असे बघायचे की कंद लावणाऱ्याने शरमेनं मान खाली घालावी.

कर्दळीचं बी काळंभोर, गोल आणि बंदुकीच्या छर्र्यासारखं टणक. घासून, गरम पाण्यात भिजत घातल्याशिवाय ते रुजायचं नाव घेत नाही. भाऊजी सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये होते. संध्याकाळी घरी आले की चष्मा नाकावर ओढून, जीभ किंचित बाहेर काढून एकेक बी बारीक कानशीनं घासत बसायचे. भिजवायला हाताला येईल ते भांडं. एकदा ताईनं पाहुण्यांना चहा ओतला, तर कपात टपकन काहीतरी पडलं. "अहो, तुमची कर्दळ पाहुण्यांच्या चहात गेली!" ताई ओरडली. भाऊजी धावत आले आणि घाबऱ्याघाबऱ्या म्हणाले, "गिळली नाही ना त्यांनी? कुठली होती?" हेब्बाळच्या तळ्यातला गाळ ते सायकलवरून आणत आणि तो घरापर्यंत ठिबकत येई. एवढा खटाटोप करून फूल यायचं ते करंगळीएवढं, पानाआड लपलेलं. शेजारचे रावसाहेब बघायला येत आणि म्हणत, "इष्टेना, सार? एवढंच?" भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "स्वल्प वाकून बघा."

वैर एकाच झाडाशी, मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या लाल कर्दळीशी. तिला अंगणात मज्जाव होता. ताईला देवासाठी ती फुलं हवी असत, ती बिचारी रावसाहेबांकडून आणायची.

आमच्या बेळगावकडच्या आजोळी जपमाळ कर्दळीच्या बियांची असे. ताईची जुनी माळ झिजली, तेव्हा तिनं त्याच लाल कर्दळीच्या बिया वाटीभर जमवल्या आणि भोकं पाडायला भाऊजींपुढे ठेवल्या. तिथंच दुसरी वाटी होती. तिच्यात परदेशातल्या एका म्हाताऱ्या छांदिष्टानं धाडलेल्या मूठभर बिया होत्या. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातली ती कर्दळ, गुलाबी फुलं झुंबरासारखी खाली लोंबणारी. भाऊजींनी तिचा इतका ध्यास घेतला होता की जेवताना भातावर बोटानं तिचा आकार काढून दाखवायचे. जप जिथून मागे वळवायचा त्या मेरूमण्यासाठी ताईनं सगळ्यात टपोरं बी आधीच निवडून ठेवलं. बाकीच्यांना भाऊजींनी गप्पांच्या नादात भोकं पाडली. एक वाटी संपली म्हणून दुसरीतल्या घेतल्या. मेरूच्या पाळीला ड्रिल तुटलं, तेव्हा ताईनं तो मणी दोऱ्याच्या जाळीत गुंफून टाकला.

उरलेल्या बिया भाऊजींनी मोठ्या भक्तिभावानं पेरल्या. सगळ्या कुंड्यांत मोरीवरची लाल उगवली.

म्हणजे डोंगरातली गुलाबी होती ती माळेत, आरपार भोकं पडून मेलेली. जिवंत राहिला असेल तर एक मेरू, आणि तो कुठल्या वाटीतला हे ताईलाही सांगता येईना. ती हसून हसून बेजार झाली, मग म्हणाली, "काढून घ्या की हो तो. मी दुसरा बांधते."

"मेरू काढला तर मागे कुठं वळशील? राहू दे. कर्दळीचं बी थांबतं," भाऊजी म्हणाले.

वर्षं गेली. ताईला पोटाचं दुखणं लागलं आणि ती अंथरुणाला खिळली. माळ हातात असायची, पण बोटं पुढे सरकत नसत. एकदा मला म्हणाली, "ह्यांचं ते लोंबतं फूल बघायचं राहिलंच बघ." भाऊजी दारात उभे होते. ते आत आले नाहीत. त्याच आठवड्यात ताई गेली.

माळ तिच्या अस्थींबरोबर सोडायची असं थोरांनी ठरवलं. श्रीरंगपट्टणला कावेरीच्या काठावर भाऊजींनी मेरूची गाठ सोडवून तो खिशात टाकला आणि बाकीची माळ पाण्यात सोडली. परतताना गाडीत एकच बोलले, "बी थांबतं हो. मी तिलाही तसंच धरून चाललो."

मेरू रुजला. पहिलं पान उलगडलं तेव्हाच भाऊजींनी त्याची जात ओळखली असणार, ते कर्दळीतले वैद्य होते. तरीही रोज पाणी घालत राहिले, हेब्बाळचा गाळ आणत राहिले. फूल आलं आणि आम्ही बघायला गेलो. लाल होतं, मोरीवरचं, लालभडक.

रावसाहेबांनी फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ही कुठली हो, सार?"

"दुर्मीळ आहे," भाऊजी म्हणाले. "जगात दुसरी नाही. स्वल्प वाकून बघा."

फूल चांगलं आमच्या डोक्याच्या उंचीवर होतं. तरी रावसाहेब वाकले, आणि मग मीही वाकले.