चपलेत हात घालणारे फादर

कुणाच्याही घरी गेले की आमचे फादर आधी दाराबाहेरच्या चपलांकडे वळायचे. उकिडवे बसून, बाह्या वर करून एकेका चपलेत हात घालायचे आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत चाचपायचे. मारेगावकडच्या आमच्या गावात ते नवीन होते तेव्हा लोक म्हणत, "हा पादरी चपला चोराले येते का काय?" फादरांच्या कानावर हे गेलं, तेव्हा तेच सगळ्यांत जास्त हसले.

ते मूळचे केरळचे. मराठी शिकले ती कुष्ठरोग्यांच्या ओसऱ्यांवर बसून, म्हणून थेट वऱ्हाडी. प्रवचनातही "काहून घाबरून राह्यले?" असं विचारायचे.

माझ्या बाबांनाही कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी बरा झाला, पण तळपायांची जाणीव गेली ती गेलीच. एका संध्याकाळी ते वावरातून आले, चहा मागितला, आणि सारवलेल्या ओसरीवर आईला रक्ताचे ठसे दिसले. चपलेतून खिळा वर आला होता. बाबा दिवसभर त्याच्यावर चालले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. जखम चिघळली, दवाखान्यात पाय कापायची भाषा सुरू झाली. फादरांच्या स्कूटरचा आवाज ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. फादर रोज यायचे, पाय मांडीवर घेऊन धुवायचे, पट्टी बांधायचे. पाय वाचला.

त्यानंतर चपला तपासायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी कुरकुरले, "बाबा म्हणतात ना, मी पाहून घेतलं म्हणून!"

"पेशंटच्या 'हो'वर जाऊ नको, पोरी," फादर म्हणाले. "तो खोटं नाही बोलत. त्याले मालूमच नसते. तू हात घाल."

ती सवय हाताला लागली ती कायमची. बाबा गेले, मी लग्न होऊन यवतमाळला आले, तरी सकाळी मुलाच्या शाळेच्या बुटात हात घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा थट्टा करतो. करू दे. खिळा असतो तेव्हा तो कुणाला सांगून येत नाही.

यंदा फादरांना केरळला विश्रांतीला जायचा हुकूम आला. वय झालेलं, त्यात शुगर. निरोपाला आजूबाजूच्या गावांतले त्यांचे सगळे पेशंट जमले होते. बोटं झडलेल्या हातांनी त्यांच्या गळ्यात हार पडत होते, आणि फादर प्रत्येकाला दटावत होते, "पाय भिजवा, तेल लावा, कंटाळा नका करू!" मीही यवतमाळहून गेले होते, दाराशी उभी होते. बाजूला त्यांच्या जुन्या चपला दिसल्या. काही मनात नसताना खाली बसले आणि हात आत घातला.

बोटाला कचकन टोचलं. बाभळीचा काटा तळातून आरपार आलेला, टोक काळं पडलेलं.

मी आत धावले, सगळ्यांदेखत त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला. अंगठ्याखाली जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. काटा कालचा नव्हता; शुगरनं त्यांचेही तळपाय बधिर केले होते. फादर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"मले तं काही लागलं नाही," ते हळूच म्हणाले. "मी पाह्यतो नं रोज."

बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. मी जखम धुतली, पट्टी बांधली, पण घाईत गाठ बसेना. शेवटी त्यांनीच ती मारली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणीतरी आणून दिलेल्या नव्या चपला घालून गेले.

आता रोज सकाळी, चहा ठेवायच्या आधी, मी केरळला फोन लावते. "फादर, चपलेत हात घातला का?"

"हो वं बाई, घातला. पाय एकदम बेस आहे."

फादर खोटं बोलत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. भीती त्याचीच वाटते.