डाव्या हाताने लिहिलेल्या वह्या

दोन मजले खाली राहणाऱ्या बाईची बातमी मला वॉचमनकडून कळली. दूध घ्यायला खाली उतरले होते, तर तो खुर्चीतून उठून म्हणाला, "वो टीचर मॅडम ऑफ हो गई, आंटी. उनका भतीजा आया है." मी "अच्छा" म्हटलं, वर आले, दूध गॅसवर ठेवलं आणि समोर उभी असताना ते उतू गेलं... मंदाताईंना जाऊन आता दीड महिना झाला. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत त्यांच्याबद्दल कुणी दोन शब्द बोललं नाही. आणि जिने बोलायला हवं होतं ती मी, सात वर्षं त्यांच्याशी धड बोलले नव्हते. तेव्हा हे लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडंच आहे, मला ठाऊक आहे.

मंदाताई गिरगावातून इथे आल्या, आम्ही परळमधून. त्या एकट्याच होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या हॉलमध्ये लहान मुलांचा वर्ग काढला. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात जायला लागला होता, सकाळ मला खायला उठायची, म्हणून मदतीला येऊ का विचारलं. त्या वर्गात फळा नव्हता, बाकं नव्हती. मूल यायचं, आपली चटई पसरायचं आणि फळीवरून हवं ते उचलायचं. कुणी चिंचोके निवडतंय, कुणी एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात ओततंय, कुणी ताटात पसरलेल्या मिठात बोटाने अक्षर काढतंय. मीठ मिठागरातलं, जाडं. मुलाने हाक मारल्याशिवाय आपण हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. पहिल्याच दिवशी मी एका चिमुरडीची सँडल लावून दिली, तर मंदाताई हळूच म्हणाल्या, "शैला, तिचं काम तू का पळवलंस?" मला राग आला होता. आयुष्यभर पोराला भरवलेली बाई मी, मला हे शिकवणार!

जेनी नावाची एक मुलगी होती. तिची आई किनाऱ्यावरच्या तारोडी गावाहून मासळी घेऊन आमच्या बाजारात बसायची आणि बसण्याआधी तिला आमच्याकडे सोडायची. ही पोर तीन आठवडे फक्त पाणी ओतत होती. समोरच्या भाभी दारातून बघून म्हणायच्या, "टीचर, यहाँ नल में पानी नहीं आता और आप बच्चों से पानी का खेल करवाती हो?" मलाही पटायचं ते. मंदाताई म्हणायच्या, "ओतू दे. तिचं अजून झालं नाही." मग एक दिवस जेनीने तांब्या खाली ठेवला, सांडलेलं पाणी स्वतःच पुसलं आणि कुणी काही विचारलेलं नसताना जाहीर केलं, "ह्याच्यान तीन गिलास मावतान. चौथा न्हाय." मंदाताईंचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, तीन आठवड्यांत तीन ग्लास, म्हणजे शंभरापर्यंत जाईस्तोवर ही आजी होणार.

पालकांचंही तेच म्हणणं होतं. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, पोरगी रोज चिंचोक्यांच्या गोष्टी सांगतेय. इंग्लिश मीडियमच्या इंटरव्ह्यूला काय चिंचोके विचारणार आहेत?" वही हवी होती त्यांना, भरलेली वही. मूल स्वतः मागेपर्यंत मंदाताई वही देत नसत. पालकसभा जवळ आली. वर्ग मोडला तर मी पुन्हा त्या रिकाम्या सकाळींत एकटी बसणार होते. मुलांचं काय होईल हा विचार नंतरचा, आधी मला माझीच भीती वाटली. मी दुरेघी वह्या आणल्या आणि घरी बसून तीन दुपारी त्या डाव्या हाताने भरल्या. वाकडे 'म', उलटे 'ग', मध्येच खोडाखोड. इतक्या हुबेहूब की मलाच माझं कौतुक वाटलं. सभेच्या दिवशी मंदाताई आतल्या खोलीतून हॉलमध्ये यायच्या आत प्रत्येक आईबापाच्या हातात वही ठेवली.

सगळे खूश. तेवढ्यात जेनीच्या आईने, जिला स्वतःला वाचता येत नव्हतं, वही लेकीपुढे धरली. "बग गो, तू लिवलंस?" जेनीने पान बघितलं, उलटलं आणि मोठ्याने म्हणाली, "ह्या माजा न्हाय."

लोक हसले. लाजतेय म्हणाले. मी म्हटलं, "अगं, विसरलीस तू." माझ्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट वह्या भरणं नव्हती, हे वाक्य होतं. जेनी माझ्याकडे बघत राहिली. मंदाताईंनी वही घेतली, चाळली, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "ती खरं सांगतेय. या वह्या मुलांनी लिहिलेल्या नाहीत. आम्ही लिहिल्या."

'आम्ही' म्हणाल्या त्या... माझं नाव नाही घेतलं.

महिन्याभरात चार मुलं उरली. मी मंदाताईंशी भांडले, तुमच्या सत्यवादीपणापायी वर्ग बुडाला म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं, "मग जेनीला खोटं पाडायचं होतं का?" मी काशीमीऱ्याजवळच्या एका इंग्रजी शाळेत नोकरी धरली, जिथे चाळीस मुलं हाताची घडी घालून बसतात. मंदाताईंचा वर्ग पुढच्या वर्षी बंदच पडला. जिन्यात भेटलो की "कशी आहेस?", "बरी आहे," इतकंच. त्यांनी माझी चूक कधीच बोलून दाखवली नाही. त्यांचा तोच जुना नियम असावा, हाक येईपर्यंत थांबायचं. आणि मी मेलीने हाक मारली नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या पुतण्याने बोलावलं. "काकू, घर रिकामं करतोय, काही हवं असेल तर बघून घ्या." सात वर्षांनी त्या हॉलमध्ये पाय टाकला. भिंतीला, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर, मुलांच्या दप्तरांच्या खुंट्या अजून तशाच होत्या. प्रत्येकीवर मुलांनी निवडलेलं चित्र, मासा, पतंग, बस. वर्ग गेल्यावर मंदाताईंनी त्या काढल्या नव्हत्या की वर घेतल्या नव्हत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी रोज वाकून त्या तिथेच आपलं सगळं टांगत होत्या. माशावर किल्ल्या, पतंगावर छत्री, बसवर औषधांची पिशवी, पुढे टॉवेल, स्वेटर, बाजाराची थैली. ओळीने सगळ्या भरलेल्या. शेवटच्या खुंटीवर मी हौसेने काढलेली अबोली होती, जी मुळ्यासारखी दिसायची. माझी खुंटी, माझ्या पर्सची. तेवढी एकच रिकामी होती.

माझ्यासाठी ठेवली होती, की टांगायला त्यांच्याकडे आणखी काही नव्हतं? पुतण्याला काय विचारणार... मी खाली बसले आणि माझी पर्स तिथे अडकवली. तो म्हणाला, "काकू, टेबलावर ठेवा ना." मी म्हटलं, "असू दे रे, मी थोडा वेळ बसतेय."