काकूंच्या ग्रीलवरचा दोडका

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

नांदेडला भाड्यानं राहायला आलो, अंगणात दोडका लावला. शेजारच्या काकूच म्हणाल्या, "दोरी बांधा की आमच्या ग्रीलला." अर्धापूरहून केळीच्या सोपटाची मऊ दोरी आणली, वेल चढवला. दोडके त्याही तोडून न्यायच्या.

आज त्या पहिल्यांदाच घरात आल्या. भिंतीवरचा बुद्धांचा फोटो बघून आडनाव विचारलं. मी सांगितलं. चहा तसाच ठेवून गेल्या.

दुपारी बघतो तर दोरी सोडलेली, वेल फुलांसकट मातीत. विचारलं, तर म्हणाल्या, "ग्रीलला रंग द्यायचाय ओ."

ग्रील दिवाळीतच रंगवलेली हाय.

आता मी बांबू रोवलाय. घर भाड्यानं घेताना आडनाव सांगावं लागतं, हे माहीत होतं. वेल चढवतानाही सांगायचं असतं का हो?