बिनखिडकीचा ट्रेलर

कापलेल्या पत्र्याचा जळका वास आला आणि माझा हात थांबला. सामानाच्या बंद ट्रेलरमध्ये मी प्रवासात राहायची सोय करतोय. सगळ्यात आधी खिडकीच कापली.

बाबा विणकर. सानगडीच्या बाजारात कापड न्यायच्या बंद ट्रेलरमध्ये त्यांनी एकदा आईसाठी बाज टाकली आणि आम्हाला तळ्यावर नेलं. सवयीनं फट न् फट बुजवलेली.

"खिडकी नाही ठेवली का जी?" आईनं विचारलं.

"कपड्याले धूळ लागते ना."

"आता कपडा नाही, मी बसून राहिली."

मागचं दार वर उघडायचं. बाबांनी बाहेर कडेला उभं राहून ते दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि आई पाणी बघत राहिली. मला हसू आलं होतं. तासभर बाबांची पाठ पाण्याकडे होती, हे आज लक्षात आलं.