राष्ट्रपतींच्या सहीआधी

मुरुमच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा 'विधेयक' हा शब्द मलाच नवा होता. माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या आणि 'सभागृह', 'बहुमत', 'संमती' हे शब्द मी आदल्या दिवशी पाठ करून दुसऱ्या दिवशी पोरांना शिकवू लागलो. फळ्यावर दोन चौकोन काढायचे, एक लोकसभेचा, एक राज्यसभेचा. एका सभेत मंजूर झालेलं विधेयक दुसरीत जातं. तिथं बदल झाले तर परत पहिलीकडं येतं. दोन्हींचं जमलं की राष्ट्रपतींची सही, आणि मग तो कायदा. पोरं उत्तरात हमखास राष्ट्रपतींना विसरायची आणि मी निर्दयपणे मार्क कापायचो.

घरी बारा एकर जमीन होती. वडिलांनी कचेरीत कारकुनी करून स्वतःच्या कमाईतून घेतलेली. शेती थोरले दादा बघायचे. आमची अक्का दादांच्या पाठची आणि माझ्याहून मोठी. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. वीस वर्षं तिनं घर सारवलं, जनावरं पाहिली, शेवटी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं केलं. वडिलांच्या मागं तिचं काय, हा प्रश्न घरात सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणी काढत नव्हतं.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वडिलांनीच तो काढला. मला जवळ बसवून म्हणाले, "उमरग्याच्या अर्जनवीसाला बोलीव. हिच्या नावानं चार एकराची वसीयत करून ठिवतो. तुमा दोघांचा मला भरवसा न्हाय."

आदल्याच दिवशी मी शाळेत पेपर वाचला होता. मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा देणारं विधेयक लोकसभेतही मंजूर झालं होतं. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. मी म्हणालो, "आप्पा, वसीयत कशाला? आता कायदाच झालाय. तिचा तिसरा हिस्सा तिला आपोआप मिळतो. उगं लिखापढी करून दादांचं मन कशाला दुखवता?"

"पक्कं का?" त्यांनी विचारलं.

"दिल्लीत मंजूर झालंय, आप्पा. पेपरात आलंय."

आमची पिढी फर्मानावर वाढलेली. हुजुरांचं फर्मान छापून आलं की विषय संपला, पुन्हा विचारायची कुणाची छाती नव्हती. मी पोरांना चौकोन काढून काहीही शिकवत असलो तरी माझ्या हाडात तेच फर्मान मुरलं होतं. छापून आलं म्हणजे झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी मास्तर होतो.

रोहिणी नक्षत्रात ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा उमरग्याला वकिलाकडं जाऊन आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "त्यो कायदा अजून झालाच न्हाय. राष्ट्रपतीची सही व्हायचीय. आप्पा सहीच्या आधी गेले, तवा जुनाच कायदा. पोरं असताना पोरीला काय न्हाय."

अक्का भाकऱ्या थापत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू तर म्हनला हुतास झालाय म्हून."

आणि मी काय केलं? मी तिला समजावून सांगितलं. चुलीपुढं बसून, पोरांना सांगावं तसं. दोन सभा असतात, अक्का, मग राष्ट्रपतींकडं जातं, त्यांनी सही केल्याशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही. एकही मुद्दा सोडला नाही. दादा म्हणाले, "बघ, मास्तरच सांगतोय." तिनं मान खाली घातली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सही झाल्याची बातमी नंतर महिनाभरातच आली. तो पेपर मी घरी आणला नाही.

तलाठ्याकडं दोघांची नावं लागली, सहा सहा एकर. मला दुःख झालं हे खरं. पण सातबाऱ्यावर स्वतःचं नाव पाहून बरंही वाटलं, हेही खरं. ती लाज अजून गेलेली नाही. पुढच्या वर्षी अक्का तुळजापूरला एका पुजाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला राहिली. यात्रेकरूंसाठी रोज पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक असायचा.

पाच-सहा वर्षांनी मी तिला भेटायला गेलो. हातांवर पोळल्याचे डाग होते, केस पांढरे झाले होते. तिनं मला जेवायला वाढलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "अक्का, आप्पा अजून चार आठवडे जगले असते तर तुझा हिस्सा कुणी अडवू शकलं नसतं. दिल्लीत तेवढीच एक सही राहिली होती."

ती रागावली नाही. रागावली असती तर सोसलं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "दादाचं सोड, त्यो तसलाच. पर तुज्या सहा एकरातलं दोन मला द्यायला तुला दिल्ली कशाला लागत हुती?"

मी खाली मान घालून जेवत राहिलो. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सहाच्या सहा एकर माझ्याच नावावर आहेत.