साडूंची खुर्दबीन

मेलेलं हरीण दिसलं की हरखून जाणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आष्टीला ते ढोरांचे सरकारी डाक्टर. पगार बैलांना औषध पाजण्याचा, पण जीव सगळा रानातल्या जनावरांच्या रोगांत. कोल्ह्याच्या आतड्यात कोणते जंत, घोरपडीच्या रक्तात कोणते जीव, सशाची गोचीड हरणाच्या गोचिडीहून निराळी का, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यासाठी त्यांच्याकडे खुर्दबीन होती, डोळ्याला न दिसणारं मोठं करून दाखवणारं पितळी यंत्र. एका दिवाळीला मी गेलो, तर फराळाआधी त्यांनी मला खोकडाचं रक्त दाखवलं. "एका खोकडात अख्ख्या आष्टीएवढी वस्ती हाय," ते कौतुकानं म्हणाले. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, अंगणात आंघोळ केल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडू देत नसे.

एकदा पाटलांच्या शेतात काळवीट मरून पडलं. अंगावर जखम नव्हती, म्हणून मटण चांगलं असेल असं समजून गडी कापायला बसले. साडू धावत गेले. नाकातून आलेलं काळं रक्त बघून त्यांनी सुरी लावू दिली नाही. लोक चिडले, पाटील तर फारच. साडूंनी काळविटाच्या कानाला टाचणी टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, निळा रंग दिला आणि पाटलांनाच खुर्दबिनीपुढे बसवलं.

पाटील बराच वेळ बघत होते. "ह्या बांबूच्या कांड्यावानी काय हाय?"

"काळपुळी. तुमच्या मेंढ्या हिनंच गेल्या. हे खाल्लं तर मानसं जातील."

पाटलांनी खोल खड्डा खणून, चुना टाकून काळवीट पुरलं. मग त्यांनाच नाद लागला. रानात काही मेलं की पाटलांचा निरोप यायचा. माझ्या मुलीच्या लग्नात लांडग्याची खबर आली आणि साडू भरल्या पानावरून उठून गेले. मेहुणी चार दिवस बोलली नाही.

म्हातारपणी मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली. मी गेलो की ते मला खुर्दबिनीशी बसवायचे. दिसेल ते मी सांगायचं, नाव ते सांगणार. एकदा मुंगसाचं रक्त होतं. त्यात चंद्रकोरीसारखं, टोकाला गाठ असलेलं काहीतरी होतं. ते मी सांगितलं. त्यांनी रंग विचारला, पुन्हा आकार विचारला.

"न्हाई साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "ह्याला मी वळखत न्हाई."

मग मला बाजूला सरकवून त्यांनी आपलाच डोळा नळीला लावला. दिसणार काहीच नव्हतं. मेहुणीनं जेवायला हाक मारली. मी तिला हातानंच थांबवलं.